पूल क्रमांक सातचा रंग

आमच्या सेक्शनला पूल क्रमांक चार ते नऊ मिळाले तेव्हा मी फौजेत नायक होतो. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. उत्तरेकडचा डोंगराळ भाग. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा. पूल म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जावं म्हणून बांधलेल्या मोऱ्या. नकाशात त्यांना पूल म्हटलं होतं, म्हणून आम्हीही पूल म्हणायचो. आमची तुकडी इंजिनिअर्सची. काम रोजचं आणि एकच होतं. सकाळी आठला लष्करी गाड्यांचा कॉन्व्हॉय निघायचा. त्याआधी सहा पूल तपासायचे आणि रेडिओवर "क्लिअर" द्यायचं.

क्लिअर चुकलं तर एक गाडी उडणार. एका गाडीत वीस-बावीस माणसं.

आता मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. माजी सैनिक कोट्यातून लागलो. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात पालक येतात, पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवतात आणि हळूच विचारतात, "सर, उद्या ओळखायला कोणतं सॉल्ट ठेवलंय?" मी सांगत नाही. मग बाहेर बोलणं होतं. फौजी आहे, डोकं फिरलंय, पोरांवर संशय घेतो, स्वतःवरसुद्धा संशय घेतो. शेवटचं वाक्य खरं आहे. त्याचं कारण लिहितो.

तपासणीचे तीन मार्ग होते. मेटल डिटेक्टर लोखंड सांगतो, पण प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलेलं काही सांगत नाही. कुत्रा सांगतो, पण एक कुत्रा आणि त्याचा हँडलर तीन सेक्शनांत फिरायचे. तिसरं आमचं केमिकल किट. पांढरा कागद दगडावर, मातीवर घासायचा. त्यावर छोट्या बाटल्यांतले थेंब ठरलेल्या क्रमानं टाकायचे. रंग आला तर तिथं काहीतरी आहे किंवा होतं. रंग खोटं बोलत नाही. पण रंग फक्त पदार्थ सांगतो. तो कुणी, कशासाठी आणला ते सांगत नाही. ते माणसानं ठरवायचं.

किट लान्स नायक भाऊसाहेब राऊतकडे होतं. गाव कोल्हार, प्रवरेच्या काठचं. नगरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला आम्ही एका बाकावर होतो, एका हॉस्टेलवर होतो, भरतीला एकाच टेम्पोतून गेलो होतो. आमचे सुभेदार जगताप सातारचे. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना ते थांबले.

"भाऊसाहेब? लान्स नायक तू, आणि तुला साहेब मी म्हणू?"

"आमच्याकडं निम्मं गाव साहेबच हाय, साहेब. रावसाहेब, बाबासाहेब, अण्णासाहेब. पायजे तर नुसतं भाऊ म्हना."

"राऊत म्हणेन."

शेवटपर्यंत त्यांनी राऊतच म्हटलं. जवळजवळ शेवटपर्यंत.

पूल क्रमांक सातच्या कठड्याला खताची पोती रचलेली असायची. वरच्या बागेतल्या एका म्हाताऱ्याची. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. ट्रॅक्टर पुलापर्यंतच यायचा, तिथून चाचा खेचरावर दोन-दोन पोती वर न्यायचा. खत नायट्रेटचं. काही पोती फाटकी, दाणे कठड्यावर, मातीत, सगळीकडे. त्यामुळे सात नंबरला रोज कागद रंगायचा.

पहिल्या दिवशी आम्ही रस्ता दोन तास बंद ठेवला. प्रत्येक पोतं उघडलं, हात खांद्यापर्यंत आत घातले. खतच होतं. चाचाकडे पावती होती, तीही पाहिली. दुसऱ्या दिवशी परत रंग, परत पोती उघडली. तिसऱ्या दिवशीही. भाऊसाहेबचा चाचावर दात होता.

"अशोक, ह्या म्हाताऱ्याचं मला काय खरं वाटत न्हाई. खत ठेवायला ह्याला दुसरी जागा गावली न्हाई व्हय? पुलावरच?"

"ट्रॅक्टर पुढं चढत नाही भाऊ."

"चढत न्हाई, का चढवत न्हाई?"

तो रोज चाचाला पोतं उघडायला लावायचा. चाचा सुतळी सोडायचा, आमच्याकडे बघत राहायचा. आम्ही त्याच्याकडे. दुधाची किटली घेऊन जाणारी बाई, शाळेचा मास्तर, रस्ता दुरुस्त करणारे मजूर, सगळ्यांकडे आम्ही तसंच बघायचो आणि तेही आमच्याकडे तसंच. त्या रस्त्यावर जिच्याकडे संशयानं बघितलं नाही अशी एकच गोष्ट होती. आमचं रजिस्टर.

रजिस्टरात पाच रकाने. पूल क्रमांक, वेळ, निरीक्षण, अनुमान, सही. ज्यांनी बारावी सायन्स केलंय त्यांना हे रकाने ओळखीचे वाटतील. केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये हेच असतं. भाऊसाहेबचं अक्षर छापल्यासारखं, म्हणून रजिस्टर तो लिहायचा. नायक म्हणून सही मी करायचो. पहिले काही दिवस पुलावरच लिहिलं. मग एकदा धुक्यात पानं ओली झाली, ओळी वाचेनात, सुभेदार ओरडले. तेव्हापासून भाऊसाहेब आदल्या संध्याकाळी तंबूत बसून उद्याचं पान भरून ठेवू लागला. पूल सात, निरीक्षण रंग, अनुमान खत. सकाळी फक्त वेळ घालायची. रोज तेच तर होतं. मी पाहिलं, अक्षर सुंदर आहे म्हणालो आणि सही केली.

हे आम्ही लष्करात शिकलो नाही. नगरला शिकून आलो होतो.

कॉलेजात आम्हाला पारखे सर केमिस्ट्री शिकवायचे. बारीक अंगाचे, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, प्रॅक्टिकलला कधी बसायचे नाहीत. नायट्रेट ओळखायची त्यांची आवडती चाचणी ब्राऊन रिंगची. परीक्षानळीत द्रावण, त्यात ताजं फेरस सल्फेट, मग नळी तिरपी धरून तीव्र ॲसिड काठाकाठानं सोडायचं. दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं दिसतं. नळी हलली की कडं जातं. सर म्हणायचे, "बाकीच्या ॲसिड रॅडिकल्सचा साका पडतो. नायट्रेटचा पडत नाही, कारण सगळी नायट्रेट्स पाण्यात विरघळतात. म्हणून कडं बघावं लागतं. आणि बघावं म्हणजे डोळ्यांनी बघावं."

परीक्षेच्या सकाळी लॅबमधल्या शिपायानं सॉल्ट सांगून टाकलं होतं. ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे, तुम्हालाही. भाऊसाहेब माझ्या कानात म्हणाला, "नायट्रेट हाय, लिही." दोघांनी उत्तरपत्रिकेत कडं लिहिलं. ॲसिडची बाटली उचललीही नाही. सर येऊन उभे राहिले.

"राऊत, कडं कुठंय?"

"सर, हललं. गेलं."

सरांनी नळी उजेडात धरली. ती कोरडी होती. माझीही.

"उत्तर बरोबर आहे," सर म्हणाले. "मार्क द्यावे लागतील. पण तुम्ही पाहिलेलं नाही. उद्या उत्तर बदललं तर तुम्हाला कसं कळणार?"

हॉस्टेलवर आलो तेव्हा भाऊसाहेब हसत होता. "म्हातारं लई डोकं खातं. उत्तर कशाला बदलतंय?" मीही हसलो. दोघांनाही पूर्ण मार्क मिळाले.

आता त्या सकाळकडे येतो.

चार दिवसांपूर्वी चाचानं शेवटचं पोतं वर नेलं होतं. कठडा मोकळा होता. त्यानंतर दोन दिवस आणि दोन रात्री पाऊस पडला; रस्ता बंद, तपासणीही बंद. ओढा रस्त्याच्या हातभर खालपर्यंत चढला होता. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला. आम्ही साडेपाचला पोस्ट सोडली. कुत्रा त्या दिवशी दुसऱ्या सेक्शनकडे होता.

सहा चाळीसला पूल सात. डिटेक्टर गप्प. भाऊसाहेबनं मोरीच्या तोंडाशी वाकून दगडावर कागद घासला, थेंब टाकले. रंग आला.

"सात नंबर, रंग," तो ओरडला. "खत. नेहमीचंच."

मी पोंचोखालून रजिस्टर काढलं. ओळ आदल्या संध्याकाळीच लिहिलेली होती. वेळ घातली. सही केली. सहा पंचेचाळीसला रेडिओवर बोललो, "कंट्रोल, चार्ली टू. पूल सात क्लिअर. ओव्हर."

नियमाप्रमाणे तपासलेल्या पुलावर एक जवान थांबतो. सातवर भाऊसाहेब थांबला. मी तिघांना घेऊन पुढे गेलो. आठ, नऊ क्लिअर. हवामान परत बिघडणार म्हणून कॉन्व्हॉय त्या दिवशी साडेसातलाच निघाला. तो निघाल्याचा मेसेज मी ऐकला तेव्हा मी नऊ नंबरला अक्रोडाच्या झाडाखाली रजिस्टर उघडून उभा होतो. फांदीवरून पाणी टपकलं ते नेमकं पानावर. शाई फुटली. सात नंबरची ओळ माझ्या डोळ्यांसमोर निळी होऊन पसरली. मी बाहीनं टिपायला गेलो आणि थांबलो.

शाई पाण्यात जाते. खतही जातं. पोती हलून चार दिवस झाले. दोन दिवस धो धो पाऊस. कठड्यावरचे, मातीतले सगळे दाणे केव्हाच ओढ्यातून खाली गेलेले. सगळी नायट्रेट्स पाण्यात विरघळतात. बारावीत पन्नास वेळा लिहिलेलं वाक्य.

मग सकाळी रंग कशाचा आला?

वेळ सात सदतीस.

"कंट्रोल, चार्ली टू. कॉन्व्हॉय रोको. कॉन्व्हॉय रोको. ओव्हर."

"चार्ली टू, कारण सांगा. ओव्हर."

"पूल सात संशयित. ओव्हर."

"चार्ली टू, सातचा क्लिअर तुमचाच आहे. सहा पंचेचाळीस. ओव्हर."

"क्लिअर परत घेतो. चूक माझी. रोको. ओव्हर."

मग, "रॉजर. कॉन्व्हॉय थांबतोय." नंतर कळलं, पहिली गाडी सातपासून दीड किलोमीटरवर होती.

मी सेटवर भाऊसाहेबला घेतलं.

"भाऊ, सातपासून लांब हो. दोनशे मीटर. ओव्हर."

"का? खतच हाय ना. ओव्हर."

"खत नाही. पोती कधी गेली आठव. पाऊस आठव. नायट्रेट विरघळतं भाऊ. ओव्हर."

सेट खरखरला.

"पारखे सर," तो म्हणाला. मग म्हणाला, "आयला. व्हय. लांब व्हतो." आणि लगेच, "थांब. म्हातारा येतोय. खेचर घिऊन. पलीकडून पुलाकडंच येतोय."

"ओरड. तू पुढं जाऊ नको."

"ओरडतोय. ऐकू यीना त्याला, ओढा लई वाजतोय."

"भाऊ, जाऊ नको. ऑर्डर आहे."

त्यानं ओव्हर म्हटलं नाही.

सात एक्केचाळीसला स्फोट झाला. आम्ही सहाशे मीटरवर होतो. आधी जमीन हलली, मग आवाज आला.

नंतर जे कळलं ते असं. भाऊसाहेब पूल ओलांडून पलीकडे पळाला. त्यानं चाचाचा हात धरला आणि त्याला रस्त्याच्या कडेला चारीत ढकललं. स्फोट तारेवरून घडवलेला होता. म्हणजे वरच्या झाडीत कुठंतरी कुणीतरी कॉन्व्हॉयची वाट बघत होतं. वर्दीतला माणूस पळताना दिसला, आपलं काम उघड झालं हे त्याला कळलं आणि त्यानं हातातलं वाया जाऊ दिलं नाही. तो कोण, हे मला आजही माहीत नाही. रोज आमच्यासमोरून जाणाऱ्यांपैकी असेल. नसेलही.

चाचा वाचला. त्याचा एक कान गेला. खेचर मेलं. कॉन्व्हॉयमधल्या कुणालाही खरचटलं नाही.

पोस्टवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीसमोर सुभेदार जगतापांनी सॅल्यूट केला. त्यांचा हात खाली येईना. ते म्हणाले, "चला, भाऊसाहेब."

चौथ्या दिवशी चाचा पोस्टच्या गेटवर आला. पहाऱ्यावरच्या संतरीनं त्याची झडती घेतली. त्यानं सवयीनं हात वर केले. मला म्हणाला, "वो रोज़ मेरी बोरी खुलवाता था. उस दिन मेरा हाथ पकड़ा." मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. आदल्या दिवशी सुभेदारांनी रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं.

"वाबळे, सात नंबरची ओळ पाण्यानं गेलीय. वाचता येत नाही."

ते काय सांगत होते ते मला समजलं. अक्षर भाऊसाहेबचं होतं. ओळ आदल्या दिवशी लिहिली होती हे बाहेर आलं तर शौर्यपदकाची शिफारस अडकेल, मेलेल्या माणसाचं नाव खराब होईल. माझी नोकरी हा त्यातला लहान भाग. सुभेदार वाईट माणूस नव्हते. दया म्हणूनच बोलत होते. पण दयेखाली झाकलेली चूक दुसऱ्या सेक्शनच्या रजिस्टरात जशीच्या तशी जिवंत राहते, आणि त्या सेक्शनमध्येही माणसं असतात.

माझे वडील नगरच्या एमआयडीसीत कामगार होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, युनियनची पत्रकं होती. वडील आधी पत्रकाचा तळ बघायचे. खाली नाव नसेल तर वाचायचे नाहीत. "ज्याचं नाव खाली, जबाबदारी त्याची," म्हणायचे.

"मला ओळ पाठ आहे साहेब," मी म्हणालो. "आणि सही वाचता येते. ती माझी आहे."

इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. पान आदल्या संध्याकाळी भरलं जायचं. मला माहीत होतं. मी थांबवलं नाही. मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक लेखी ताकीद, मिळाली. हवालदारकी तीन वर्षं मागे गेली. भाऊसाहेबला पदक मिळालं, कारण सात एक्केचाळीसला त्यानं जे केलं ते कुठल्याही रकान्यात आधी लिहून ठेवता येत नव्हतं. त्यानंतर आमच्या तुकडीत रजिस्टर पुलावर आणि पेन्सिलनं लिहायचा हुकूम निघाला. पेन्सिल पाण्यानं जात नाही. एवढीच गोष्ट होती, एक पेन्सिल.

सुट्टीवर आल्यावर मी कोल्हारला गेलो. भाऊसाहेबचं घर नदीकडच्या बाजूला, मागे पेरूची बाग. चौकात त्याच्या फोटोचा मोठा फ्लेक्स होता, खाली पुढाऱ्यांचे चेहरे. फोटोपेक्षा चेहरे मोठे. त्याची बायको, संगीतावहिनी, ओट्यावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. पोती, पाऊस, रजिस्टर.

"मंजी त्यांनी आदीच लिहून ठिवलं हुतं?"

"हो. आणि मी सही केली होती."

"पदकाच्या कागदावर तर असलं काय न्हाई."

"तिथं लिहीत नाहीत, वहिनी."

"मंग तुमी कशाला आला सांगायला?" ती माझ्याकडे बघत होती. चाचा बघायचा तसं. "तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हनून?"

तिचा संशय अगदीच चुकीचा नव्हता.

ती आत गेली. मला वाटलं, आता जावं. तेवढ्यात ती बाहेर आली. हातात खाकी कव्हर घातलेलं जर्नल. बारावी, केमिस्ट्री. भाऊसाहेब साहेब राऊत असं त्यानं गंमत म्हणून लिहिलेलं.

"पेटीत हुतं. तुमी एकाच वर्गात हुता ना? बघा बरं, ह्यात बी तसंच केलंय का."

मी पानं उलटली. ब्राऊन रिंगचं पान आलं. निरीक्षण, तपकिरी कडे दिसले. अनुमान, नायट्रेट निश्चित. छापल्यासारखं अक्षर. खाली पारखे सरांची लाल शाई. "न पाहता लिहिले आहे. पुन्हा करणे." त्याखाली विद्यार्थ्याच्या सहीसाठी रेघ, कोरी. माझ्या जर्नलमध्येही हाच शेरा होता. मीही पुन्हा केलं नव्हतं.

मी वहिनीला शेरा वाचून दाखवला. तिनं कोऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"मंग करा की," ती म्हणाली. "तुमी तर हाय ना. न्या ही वही."

जर्नल आता लॅबच्या कपाटात कुलपात असतं, किल्ली माझ्याकडे. परीक्षेच्या आठवड्यात पेढ्यांचा बॉक्स परत करताना मी पालकांना ते दाखवत नाही. दाखवण्याची वस्तू नाही ती. पोरांना मी एवढंच सांगतो, पेन खिशात ठेवा, आधी बघा. कुणी "सर, हललं, गेलं" म्हटलं तर परत करायला लावतो. वेळ संपली तरी लावतो. प्राचार्यांनी एकदा विचारलं, "वाबळे, एवढा अविश्वास कशाला?" मी म्हणालो, "सर, मी पोरांवर नाही, लिहिलेल्यावर संशय घेतो."

वर्षातून एक दिवस मी सकाळी सातला लॅब उघडतो. ताजं फेरस सल्फेट करतो. नळी तिरपी धरतो, ॲसिड काठाकाठानं सोडतो. हात हलू देत नाही. कडं येतं. मी ते बघत उभा राहतो. मग जर्नल उघडून लाल शेऱ्याखाली पेन्सिलनं एक ओळ लिहितो. आतापर्यंत सहा ओळी झाल्या आहेत. सगळ्या सारख्याच आहेत, पण एकही आदल्या दिवशी लिहिलेली नाही.

लान्स नायक भाऊसाहेब राऊत, कोल्हार. पुन्हा केले. कडे पाहिले. वेळ ०७४१.